आजोबांना ब्रेक नसतो

पुढे जाणारी कुठलीही वस्तू मी चालवू शकतो, आणि दुसऱ्याला शिकवूही शकतो! ही बढाई नाही, हा माझा धंदा आहे. बावीस वर्षं मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. चार हजारांवर माणसं माझ्या शेजारी बसून गाडी शिकली. त्यांत एक न्यायाधीश होते, दोन वैमानिक होते, आणि एक बाई तर अशा होत्या, की त्या गाडीत बसल्या की आमच्या गल्लीतली कुत्री आपणहून गच्चीवर जायची. त्यांनाही मी परवाना मिळवून दिला. मग घोडा म्हणजे असं काय मोठंसं? चाकं नाहीत, एवढाच काय तो फरक!

हे सगळं मी घोड्यावर बसण्यापूर्वी म्हणत होतो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

माझ्या धंद्याची एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. विद्यार्थ्याने घोळ घातला की मी दोन्ही पाय एकदम दाबतो. डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर. गाडी जागच्या जागी! हे माझ्या इतकं अंगात भिनलंय, की सिनेमात गाडी दरीकडे निघाली तरी माझे पाय पुढच्या खुर्चीत घुसतात. आमची घरची गाडी बायको चालवते तेव्हा मी शेजारी बसतो. तिथे ना क्लच, ना ब्रेक. तरी माझ्या पायाखालच्या रबरी मॅटला दोन भोकं पडली आहेत, एक डावं आणि एक उजवं. (बायको गाडी दुसऱ्याच शाळेत शिकली. आमच्या संसारातला हा एकच नाजूक विषय आहे, त्यामुळे पुढे जाऊ.)

तर, दरवर्षी आम्ही दोन दिवस तंबू घेऊन समुद्रावर जातो. चाळीस किलोमीटरचा किनाऱ्याचा रस्ता आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र, आणि प्रत्येक वळणावर समुद्राकडे पाठ करून फोटो काढणारं एकेक कुटुंब! रस्ता संपतो तिथे कड्यावर तंबूंचं मैदान आहे. जागा मोजून बारा. एक नंबरची जागा अगदी कड्याच्या टोकाला. तंबूचं तोंड उघडलं की पुढे नुसता समुद्र. बारा नंबरची जागा संडासांच्या शेजारी. तंबूचं तोंड उघडलं की... जाऊ द्या. आगाऊ नोंदणी नाही. दुपारी बाराला फाटक उघडतं आणि जो पहिला उभा असेल त्याला जागा निवडायला मिळते.

सलग तीन वर्षं आम्हाला बारा नंबर मिळाला. आणि सलग तीन वर्षं एक नंबरवर कोण? माझा साडू!

साडू दातांचा डॉक्टर आहे. स्वभावाने वाईट नाही, पण समोरचा काही उत्तर देईल ही कल्पनाच त्याला नाही, कारण आयुष्यभर त्याच्यासमोर माणसं तोंड उघडून गप्प बसलेली आहेत. त्यात त्याने यंदा नवी कॅम्पर व्हॅन घेतलेली. आत पलंग, शेगडी, बेसिन! निघायच्या आठवडाभर आधी फोनवर म्हणतो, "साडूभाऊ, यंदाही बारा नंबरच ना? तुमची तिथे ओळख झाली असेल आता!"

मी हसण्यावारी नेलं. पण त्या संध्याकाळी बायको भांडी पुसता पुसता थांबली. ती इस्पितळात एक्स-रे काढते. तिच्या खोलीला एकही खिडकी नाही. भिंतीत शिसं, दाराला शिसं, वर ट्यूबलाइट. वर्षातले तीनशे दिवस तिथे.

"अहो," ती म्हणाली, "मला दागिने नकोत, साडी नको. मला फक्त एकदा सकाळी डोळे उघडल्याबरोबर समुद्र दिसला पाहिजे. यंदा जर परत त्या फ्लशच्या आवाजाने जाग आली ना, तर पुढच्या वर्षी तुम्ही एकटे जा."

ती रागावली असती तर मी वाद घातला असता. ती नुसती दमलेली दिसली. मला फार वाईट वाटलं. मी टेबलावर हात आपटून सांगितलं, "एक नंबर आपला! शब्द आहे माझा!"

योजना साधी होती. मैदानाच्या नऊ किलोमीटर अलीकडे एक तबेला आहे. तिथून समुद्राच्या कडेकडेने, रस्त्याला लागूनच एक मातीची वाट थेट फाटकापर्यंत जाते आणि तिच्यावरून घोड्यावर बसून रपेट करता येते. मी सकाळी दहाला तिथे उतरणार. बायको तंबू घेऊन गाडीने पुढे जाणार आणि सव्वादहालाच फाटकाशी पहिली उभी राहणार. मी मागाहून रमतगमत, वाऱ्यावर केस उडवत पोचणार. (केस फारसे नाहीत, पण योजना म्हणून ठीक.) घोड्याचा हट्ट माझा. साडूकडे व्हॅन आहे ना? मग मी घोड्यावरून येणार!

तबेल्याच्या मालकीणबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पूर्वी बसलाय कधी?"

"बाई, बावीस वर्षं मी लोकांना शिकवतोय."

काय शिकवतो ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तरी त्यांनी खबरदारी म्हणून सगळ्यांत म्हातारा घोडा बाहेर आणला. तांबूस रंग, खाली लोंबणारा ओठ, अर्धे मिटलेले डोळे.

"हे आमचे आजोबा. आठ वर्षांत पळालेले नाहीत. वाट त्यांना पाठ आहे, तुम्ही झोपलात तरी पोचाल. मी दुपारी बाकीच्या लोकांना घेऊन मागून येते, तोवर एकटे जाल ना? दोनच गोष्टी ध्यानात ठेवा. टाचा पोटाला लावल्या की ते चालतात, आणि लगाम..."

"बाई, मला शिकवू नका!" मी म्हणालो.

आयुष्यात अनेक वाक्यं परत घ्यावीशी वाटली. त्यांत हे वाक्य आता पहिल्या क्रमांकावर आहे.

पहिला तास काय सुंदर गेला म्हणता! आजोबा लग्नाच्या वरातीत चालावं तसे चालत होते. मी लगाम स्टिअरिंगसारखा दोन्ही हातांत धरला होता. वळणावर हात बाहेर काढून इशारा देत होतो. एका ठिकाणी वाटेत बगळा उभा होता, त्याला तोंडाने हॉर्न दिला. खाली निळा समुद्र, वर निळं आकाश, मधे मी! वाटलं, धंदा बदलावा की काय.

सव्वाअकराला फोन वाजला. बायको.

"पोचलीस ना?" मी ऐटीत विचारलं.

"कुठली पोचते! अहो, समुद्रात डॉल्फिन आलेत!"

"वा, वा! बघून घे!"

"वा वा काय! सगळ्यांनी गाड्या रस्त्यात सोडल्यात आणि कठड्याशी जाऊन उभे राहिलेत. मी एका तासापासून जागची हललेली नाही. आणि भाऊजींची व्हॅन माझ्या पुढे आहे, वीसेक गाड्या सोडून. पुढून वाट मोकळी होतेय म्हणे. मी पोचेपर्यंत..." तिचा आवाज बारीक झाला. "परत बारा नंबरच, अहो."

फोन बंद झाला. मी समुद्राकडे पाहिलं, मग आजोबांच्या कानांकडे पाहिलं. फाटक अजून चार किलोमीटर दूर होतं. मी बायकोला शब्द दिला होता. आता या जगात एक नंबरची जागा मिळवू शकेल असा एकच माणूस होता आणि तो ताशी चार किलोमीटर वेगाने चालला होता.

"आजोबा," मी म्हणालो, "जरा पाय उचला."

काही नाही. मी उजव्या पायाचा चवडा हळूच खाली दाबला, आपण ॲक्सिलरेटर दाबतो तसा. काही नाही. जास्त दाबला. आजोबांनी वाटेच्या कडेचं गवत खाल्लं. मी विनंती केली, रागावलो, शाळेत विद्यार्थ्यांना दाखवतो तो माझा चेहराही करून दाखवला, पण तो त्यांना मागे कसा दिसणार?

आणि एवढ्यात कुणाची तरी उन्हाची टोपी वाऱ्याने उडाली, आणि थेट आमच्या समोर येऊन पडली. मी दचकलो. दचकलो की मी काय करतो, ते तुम्हाला सांगितलंच आहे. डावा पाय क्लचवर! उजवा पाय ब्रेकवर! दोन्ही टाचा खचकन आत!

आजोबा निघाले.

अहो, निघाले म्हणजे काय! आठ वर्षांचं पळणं त्यांनी शिल्लक टाकलेलं असावं. मी घाबरून आणखी जोरात ब्रेक दाबला. आजोबा आणखी जोरात पळाले. मी क्लच आणि ब्रेक दोन्ही मुळापर्यंत दाबून धरले. आजोबांनी कान मागे पाडले आणि मान लांब केली. लगाम केव्हाच हातातून सुटला होता. मी दोन्ही हातांनी आयाळ धरली होती आणि माझ्या तोंडून एकच आवाज निघत होता, "ब्रेक! ब्रेक! ब्रेक!"

डावीकडे रस्त्यावर गाड्यांची रांग उभी होती. कठड्याशी गर्दी. लोकांनी डॉल्फिनकडे पाठ फिरवली आणि माझे फोटो काढायला सुरुवात केली! कुणी शिट्ट्या मारत होतं, कुणी टाळ्या वाजवत होतं. "धरा याला!" मी ओरडलो. "शाबास!" ते ओरडले. आमची गाडी आली. बायको काच खाली करून बघत होती. तिचा चेहरा मला क्षणभरच दिसला. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे पाहिलं. मग मी पुढे गेलो.

मग व्हॅन आली. ती आता हळूहळू चालू लागली होती. साडूने खिडकीतून मान बाहेर काढली होती. मी मदतीसाठी एक हात सोडून जोरात हलवला. "साडूभाऊ! थांबवा! थांबवा!" वाऱ्यात त्याला काय ऐकू गेलं देव जाणे. त्याने घाईघाईने व्हॅन खरोखर बाजूला घेऊन थांबवली आणि मला वाट करून दिली.

आता समोर फाटक. आडवा लाल-पांढरा दांडा. दांड्यापलीकडे मैदान, मैदानापलीकडे कडा, कड्यापलीकडे काही नाही! मी डोळे मिटले. आणि खरं सांगतो, त्या अंधारात मला माझाच आवाज ऐकू आला. पहिल्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याला मी जे सांगतो ते. "घाबरलात, काही सुचेना झालं, की सगळ्यावरून पाय काढा. काहीही दाबू नका." चार हजार लोकांना सांगितलं होतं. माझी स्वतःची ऐकायची ही पहिलीच वेळ.

मी पाय काढले. दोन्ही बाजूंना सरळ पसरले, वाळत घातलेल्या पायजम्यासारखे.

आजोबा दौडीवरून दुडक्या चालीवर आले, दुडक्या चालीवरून पावलावर आले, आणि थांबले. मी डोळे उघडले. जमिनीवर पांढरी रेघ होती. आजोबांचे पुढचे दोन्ही खूर बरोबर त्या रेघेवर होते. फाटकावरच्या घड्याळात बाराला आठ मिनिटं कमी होती, आणि माझ्या पुढे कुणीही नव्हतं!

"सर?" केबिनमधून मैदानाच्या व्यवस्थापक बाई बाहेर आल्या. "सर, तुम्ही?"

मी खाली पाहिलं. त्याच बाई! आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना गच्ची दाखवणाऱ्या!

"रेघेवर काय अचूक थांबवलंत, सर! मला हे तुम्ही चाळीस वेळा करायला लावलं होतंत."

"सराव लागतो," मी म्हणालो. आणि आयाळीतून एकेक बोट सोडवायला लागलो.

"एक नंबर देऊ?"

"द्या, बाई, द्या!"

त्यांनी अर्ज काढला. "वाहनाचा प्रकार?"

"घोडा चालतो का?"

"अर्जात नुसतं 'वाहन' लिहिलंय. चाकं किती ते विचारलेलं नाही." त्यांनी लिहिलं. "रंग तांबूस. क्रमांक?" आजोबांच्या खोगिराखालच्या कापडावर सात आकडा होता. तो लिहिला. मग त्यांनी मागचे नियम वाचून दाखवले. चौथा नियम चालू असताना मी सही केली. न वाचता सही करू नका, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात सांगतो. पण त्या वेळी मला फक्त 'एक' हा आकडा दिसत होता.

बारा वाजून वीस मिनिटांनी व्हॅन आली. तोवर पलीकडच्या गावाकडून, डोंगरातल्या दुसऱ्या वाटेने आलेल्या गाड्यांनी बाकीच्या जागा भरल्या होत्या. एकच जागा उरली होती. कुठली, ते तुम्हाला सांगायला हवं का?

साडू खाली उतरला, आणि माझ्याकडे, आजोबांकडे आणि एक नंबरच्या पाटीकडे आळीपाळीने बघत राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तोंड त्याचं उघडं होतं आणि आत डोकावणारा मी होतो!

"साडूभाऊ," शेवटी तो म्हणाला, "अशी घोडदौड कधी शिकलात?"

"त्यात शिकायचं काय?"

"आणि तो हात हलवून मला काय सांगत होतात?"

"पुढे जातोय, असा इशारा. नियमच आहे तसा."

"मला शिकवाल?" त्याने अगदी बारीक आवाजात विचारलं. मी विचार करतो म्हणालो. आयुष्यात असे क्षण फार येत नाहीत, ते सावकाश चघळायचे असतात.

मग आमची गाडी आली. बायको उतरली. पाटीवरचा एक आकडा तिने हात लावून पाहिला.

"खरंच आपली?"

"आपली!"

तिचे डोळे भरून आले. चार हजार परवान्यांचा मिळून झाला नसेल एवढा आनंद मला त्या एका मिनिटात झाला. आम्ही तंबू ठोकायला घेतला. मी खुंट्या मारत होतो, ती दोऱ्या ओढत होती. ओढता ओढता, वर न बघता ती म्हणाली, "ब्रेक लागला नाही ना?"

माझी हातोडी अंगठ्यावर बसली.

"अहो, मॅटला दोन भोकं आहेत. मला काय कळत नाही होय?"

"ताईला आणि साडूला सांगणार नाहीस ना?"

"मी? एक नंबरवर बसून?" आणि ती इतकी हसली, की तिला दोरी सोडून खाली बसावं लागलं.

तेवढ्यात व्यवस्थापक बाई आल्या, हातात अर्ज घेऊन. "सर, वाहन जागेवर लावा."

"कुठलं वाहन?"

"नोंदवलेलं. नियम चार. ज्या वाहनाच्या नावावर जागा, ते वाहन दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत आखलेल्या चौकोनात उभं पाहिजे. नाहीतर जागा रांगेतल्या पुढच्याला. गेल्या वर्षी व्हॅनवाले डॉक्टर मित्राच्या मोटरसायकलने पहिले आले, जागा धरली, मोटरसायकल परत पाठवली आणि मग आपली गाडी आणली. तेव्हापासून हा नियम केला." त्यांनी आवाज खाली आणला. "सर, नियमाला अपवाद करायचा नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत."

आमची गाडी वाहनतळावर गेली. दुपारी तबेल्याच्या मालकीणबाई आल्या. आजोबा पळाले यावर त्यांचा आधी विश्वासच बसेना. मग त्यांनी आजोबांचे पाय चाचपले, पाणी पाजलं, गवताचा भारा टाकला आणि म्हणाल्या, "राहू द्या त्यांना इथेच. दमलेत. आणि त्यांना समुद्र फार आवडतो."

हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं.

कारण आखलेला चौकोन होता कड्याच्या बाजूला, कठड्याला लागून, म्हणजे तंबू आणि समुद्र यांच्या बरोबर मधे! आजोबा चौकोनात गेले, एकदा स्वतःभोवती फिरले, आणि तोंड समुद्राकडे करून उभे राहिले. आमच्याकडे त्यांनी काय केलं असेल, ते तुम्ही ओळखा.

मी त्यांना वळवायचा प्रयत्न केला. गवत दाखवलं. आर्जवं केली. टाचा मात्र कुठेही लावल्या नाहीत, तेवढं मी आता शिकलो आहे. आजोबा हलले नाहीत.

सकाळी सहाला मला जाग आली. बायको आधीच जागी होती. उशीवर डोकं तसंच ठेवून तिने तंबूची चेन हळूच वर ओढली.

"दिसतोय का?" मी घाबरत घाबरत विचारलं.

तिने डोकं जरा तिरकं केलं. मग तिने माझा हात धरला. "दिसतोय," ती म्हणाली. "त्यांच्या पायांमधून. चौकटीत बसवल्यासारखा. अहो, किती सुंदर दिसतोय!"

मीही मान तिच्या उशीकडे नेली. खरंच! चार पायांच्या मधोमध चमकणारा समुद्र, वर आजोबांचं पोट. माझा ऊर भरून आला. जिंकलो! मी शब्द पाळला होता. एक नंबरवरून, डोळे उघडल्याबरोबर, माझ्या बायकोला समुद्र दिसत होता!

आणि नेमक्या त्याच क्षणी आजोबांनी शेपटी वर उचलली.

काम सावकाश चाललं होतं, आजोबांना कसलीच घाई नव्हती. बायकोने शांतपणे चेन खाली ओढली, पांघरूण नाकापर्यंत घेतलं आणि म्हणाली, "जागा बदलली, अहो. शेजार तोच."